मेसेजिंग ॲप आणि तुमचा फोन नंबर: कुणाला दिसू द्यायचा, कुणापासून राखायचा

आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी लोकांच्या मोबाइलच्या शंका सोडवायला बसते. गेल्या वर्षी एक मुलगी आली, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली. कॉलनीतल्या आरोग्य शिबिरासाठी तिने नाव नोंदवलं, आणि तिला न विचारता एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं गेलं. ग्रुपमध्ये तीनशेच्या वर माणसं. त्याच रात्री साडेदहाला अनोळखी नंबरवरून 'हाय' आलं. तिने ब्लॉक केलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून तिचा स्वतःचा प्रोफाइल फोटो तिला परत आला आणि खाली तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. ग्रुपमध्ये तिने नाव कुठेच लिहिलं नव्हतं. पण पेमेंट ॲपमध्ये तिचा नंबर टाकला की बँकेच्या खात्यावरचं नाव समोर येतं. ते तिथून उचललं होतं.

"ताई, माझं काय चुकलं?" हा तिचा पहिला प्रश्न होता. तिचं काहीही चुकलं नव्हतं. ज्या नंबरावर बँक, आधार, गॅस आणि कॉलेज आहे, तोच नंबर तीनशे अनोळखी लोकांपुढे मांडणारी व्यवस्था चुकीची आहे. ती व्यवस्था आपण एका दिवसात बदलू शकत नाही. पण आपल्या फोनमध्ये करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातल्या बहुतेकाला एखादी दुपार पुरते. मी त्या दिवशी तिच्यासोबत जे केलं आणि त्यानंतर शिकत गेले, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी ठरवा: नंबर लपवायचा कुणापासून?

नंबर तीन वेगवेगळ्या लोकांपासून राखायचा असतो आणि तिघांसाठी उपाय वेगळे आहेत. पहिली, ॲपची कंपनी. नंबर देऊन नोंदणी केली की तो कंपनीला कळणारच, कोणतीही सेटिंग ते बदलू शकत नाही. दुसरे, ॲपवरचे बाकीचे लोक: ग्रुपमधले अनोळखी, जुना शेजारी, ऑफिसमधला कुणी. यांच्यापासून नंबर बऱ्याच प्रमाणात राखता येतो. तिसरा, नंबरच ताब्यात घेऊ पाहणारा चोर. त्याला तुमचा नंबर आधीच माहीत असतो, त्यामुळे तिथे नंबर लपवून काही होत नाही. तिथे कुलूप लावावं लागतं.

लोक माझ्याकडे येतात ते बहुधा पहिल्याची भीती घेऊन: "कंपनी आमचं सगळं वाचते का हो?" पण प्रत्यक्षात त्रास झालेला मी पाहिला आहे तो जवळजवळ नेहमी दुसऱ्याकडून आणि तिसऱ्याकडून. म्हणून या लेखात जास्त जागा त्यांना दिली आहे.

ॲपला नंबर लागतोच कशाला?

व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं ते एसएमएसला पर्याय म्हणून. फोनच्या यादीत नाव आहेच, मग वेगळं युजरनेम कशाला, ही त्यातली सोय. नवीन माणूस ॲप उघडतो आणि त्याच्या ओळखीचे लोक आधीच तिथे दिसतात. दुसरं कारण, खोटी खाती काढणं महाग पडतं, कारण प्रत्येक खात्याला एक सिम लागतं. सिग्नल या मेसेजिंग ॲपमागची, जाहिराती न दाखवणारी, देणग्यांवर चालणारी संस्थाही याच कारणाने नंबर मागते. नोंदणीचे एसएमएस आणि कॉल यांवर वर्षाला सुमारे ६० लाख डॉलर जातात, असं त्यांनी २०२३ मध्ये स्वतः सांगितलं होतं. एवढा खर्च सोसून ते नंबर घेतात, यावरून त्यांना त्याची किती गरज वाटते ते कळावं.

पण या सोयीला एक भोक आहे. ॲप तुमच्या यादीतले नंबर सर्व्हरकडे पाठवतं आणि विचारतं, यातले कोण इथे आहेत? मग एखाद्याने खऱ्या यादीऐवजी ओळीने सगळेच नंबर पाठवले तर? भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्य नंबर ४०० कोटी. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं की त्यांनी याच मार्गाने जगभरातली साडेतीनशे कोटी व्हॉट्सॲप खाती शोधून काढली, तासाला दहा कोटींहून अधिक नंबर तपासत. त्या वेगाने भारतातले सगळे शक्य नंबर तपासायला चाळीस तास लागतात. शोधलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त खात्यांचा प्रोफाइल फोटो कुणालाही दिसेल असा उघडा होता. त्यांच्या इशाऱ्यानंतर कंपनीने हा वेग रोखला. मेसेज यात कुणी वाचले नाहीत, ते कुलूपबंदच होते. पण नंबर आणि चेहरा यांची जोडी लागली, आणि त्या मुलीच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

नंबर म्हणजे गुपित नाही, तो अंदाजाने काढता येतो. म्हणून नंबराला काय काय चिकटलेलं आहे, ते सोडवणं हे आपलं मुख्य काम.

पहिली पायरी: पैशाचा नंबर आणि लोकांचा नंबर वेगळे करा

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे. सगळ्यात जास्त उपयोगही हिचाच होतो.

बहुतेक लोक मला म्हणतात, "व्हॉट्सॲपसाठी नवं सिम घेते." मी उलटं सुचवते. तुमचा जुना नंबर आजवर शेकडो लोकांच्या फोनमध्ये गेला आहे: भाजीवाला, शाळा, लग्नाचा बायोडाटा, सोसायटीच्या गेटवरची वही, गणपतीच्या वर्गणीची पावती. तो आता परत मागवता येत नाही. तेव्हा जुना नंबर लोकांसाठी राहू द्या, आणि नवा नंबर घेऊन त्यावर बँक हलवा. हा नवा नंबर कुणालाही सांगायचा नाही, कोणत्याही मेसेजिंग ॲपवर नोंदवायचा नाही, दुकानात तर अजिबात नाही.

क्रम असा ठेवा. नवं सिम स्वतःच्याच नावाने घ्या. दुसऱ्याच्या नावाचं किंवा 'केवायसीशिवाय' मिळणारं सिम कुणी देत असेल तर हात लावू नका. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार फसवणुकीने सिम मिळवल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिम चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत सहा), म्हणजे दुसरं सिम घेण्यात गैर काही नाही.

नवं सिम मिळाल्यावर लगेच बँकेत धावू नका. दोनतीन आठवडे ते नुसतं फोनमध्ये ठेवा. बंद पडलेले नंबर कंपन्या पुन्हा वाटतात, त्यामुळे तो आधी कुणाचा तरी असू शकतो. दुसऱ्याच्या बँकेचे मेसेज किंवा वसुलीचे फोन यायला लागले तर तो नंबर सोडून दुसरा घ्या. शांत असेल तर आधी बँकेत बदला, मग यूपीआय नव्या नंबरावर नोंदवा, मग आधार, मग ईमेलचा रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरल्यावर ज्यावर कोड येतो तो). ईमेल बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही, आणि चोर बहुतेक वेळा तिथूनच आत येतो.

यूपीआय आयडीत स्वतःचा नंबर असेल तर ॲपमध्ये दुसरा आयडी तयार करा आणि तोच लोकांना द्या. जुन्या नंबरावर यूपीआय राहिलं नाही की तो नंबर टाकून तुमचं नाव काढण्याचा मार्ग बंद होतो.

ज्या बाईला कुणाचा पिच्छा सोडवायचा आहे, तिच्यासाठी मात्र हा क्रम उलटा. तिथे नवा नंबर जवळच्या माणसांसाठी, आणि जुना हळूहळू मिटवायचा. त्याबद्दल पुढे लिहिते.

ओटीपी घ्यायला इंटरनेटवरचे फुकट नंबर वापरू नका

सांगायला थोडकंच आहे. तात्पुरता नंबर देणाऱ्या वेबसाइटवरचा नंबर हजारो लोक वापरतात. त्यावर खातं काढलंत तर उद्या तोच नंबर घेऊन दुसरा कुणी ओटीपी मागवेल आणि तुमचं खातं त्याचं होईल.

पूर्वी काही जण एक सिम फक्त ओटीपीपुरतं चालू करून मग ड्रॉवरमध्ये टाकत. त्यावरही आता विसंबू नका. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नल, अराट्टाई अशा ॲपना आदेश दिला की ज्या सिमवर नोंदणी झाली ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं, आणि संगणकावरचं लॉगिन दर सहा तासांनी बंद व्हावं. अंमलबजावणीला ९० दिवस दिले. परदेशातून होणाऱ्या सायबर फसवणुकीला आळा घालायचा हा त्यामागचा हेतू. हेतू मला पटतो, पण परिणाम असा की नंबर आणि माणूस यांची गाठ आणखी घट्ट होते. म्हणून पैशाचा नंबर वेगळा ठेवण्याची निकड आता वाढली आहे.

दुसरी पायरी: व्हॉट्सॲपची दारं लावा

हे वाचताना फोन हातात घ्या.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडा. 'लास्ट सीन अँड ऑनलाइन', 'प्रोफाइल फोटो', 'अबाउट' आणि 'स्टेटस' हे चारही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर आणा. प्रोफाइल फोटो 'एव्हरीवन'वर असेल तर तुमचा नंबर टाइप करणाऱ्या कुणालाही तुमचा चेहरा दिसतो. 'अबाउट'मध्ये कंपनीचं नाव, गावाचं नाव, मुलांची नावं लिहिलेली मी खूप पाहिली आहेत. काढून टाका. फोटो मर्यादित ठेवला तरी 'माय कॉन्टॅक्ट्स'मध्ये प्लंबरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे येतात हे लक्षात घ्या. काम झालं की असे नंबर यादीतून पुसण्याची सवय लावली तर तेवढी यादी आपोआप खरी राहते.

त्याच प्रायव्हसीत 'ग्रुप्स' आहे. इथे 'एव्हरीवन' असेल तर कुणीही तुम्हाला न विचारता ग्रुपमध्ये ओढू शकतो आणि त्या क्षणी तुमचा नंबर सगळ्यांना दिसतो. नंतर बाहेर पडून उपयोग नाही, ज्याला उतरवून घ्यायचा त्याने घेतलेला असतो. 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. त्याहून पक्कं हवं असेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट' निवडून सगळ्यांवर खूण करा. मग कोणीही थेट घालू शकत नाही, आधी तुम्हाला आमंत्रण येतं आणि होय-नाही तुमच्या हातात राहतं. त्या मुलीच्या फोनवर ही एक सेटिंग आधी असती तर शिबिराच्या ग्रुपचं आमंत्रण तिला आलं असतं, आणि तीनशे माणसं बघून तिने ते घेतलं नसतं.

पुढे 'कॉल्स'मध्ये 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. अनोळखी कॉल वाजत नाहीत, यादीत मात्र दिसतात. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये कॉल करताना आयपी पत्ता (तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता) झाकण्याची सोय आहे, तीही चालू ठेवा.

आता कॉन्टॅक्ट्सची परवानगी. व्हॉट्सॲपला फोनमधली पूर्ण यादी दिली नाही तरी ते चालतं, नावांऐवजी नंबर दिसतात एवढंच. नव्या आयफोनवर तर निवडक लोकच देता येतात. नवीन व्यक्ती फोनच्या यादीत न घालता फक्त व्हॉट्सॲपमध्ये सेव्ह करण्याची सोयही आता आहे. मला ही आवडते, कारण फोनच्या यादीवर डोळा ठेवून बसलेली इतर ॲप्स असतात. तुम्ही तुमची यादी ॲपला देता तेव्हा तुमच्या आत्याचा, डॉक्टरांचा, मुलीच्या मैत्रिणीचा नंबर त्यांना न विचारता देत असता. आपला नंबरही बहुतेक वेळा असाच दुसऱ्याच्या यादीतून बाहेर गेलेला असतो. ट्रूकॉलरवर तुमचं नाव चुकीचं किंवा नको तसं दिसत असेल, तर आधी तिथलं खातं बंद करा आणि मग त्यांच्या वेबसाइटवरच्या 'अनलिस्ट'च्या पानावर नंबर काढून टाकण्याची विनंती करा.

तुम्ही ॲडमिन असाल तर हे तुमचं काम आहे

इथे मला थोडं जोर देऊन बोलायचं आहे. महाराष्ट्रात प्रत्येक मंडळाचा, बचत गटाचा, शाळेच्या तुकडीचा, सोसायटीचा, भजनी मंडळाचा ग्रुप असतो, आणि तो काढणारा माणूस चांगल्या मनाचा असतो. पण ग्रुप काढताना आपण दोनशे घरांचे नंबर एकमेकांपुढे मांडतो आहोत, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात विधवा बाई असते, घर सोडून आलेली सून असते, वसतिगृहातली मुलगी असते.

फक्त सूचना द्यायच्या असतील तर ग्रुपची गरजच नाही. व्हॉट्सॲप चॅनेल काढा: फॉलो करणाऱ्याचा नंबर चॅनेल चालवणाऱ्यालाही दिसत नाही. किंवा कम्युनिटी काढा: तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. लोक थोडे असतील आणि त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट पुरते. तिच्यात २५६ जण मावतात आणि प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो.

चर्चेसाठी ग्रुप हवाच असेल तर लोकांना आमंत्रणाची लिंक द्या, थेट घालू नका. ती लिंक फेसबुकवर किंवा फ्लेक्सवर टाकू नका. काम संपलं की ग्रुप बंद करा. मागच्या वर्षीच्या सहलीचा ग्रुप अजून जिवंत असेल तर त्याचा फायदा कुणाला होतो, याचा विचार करा. आणि सदस्यांची नावं-नंबर लिहिलेली पीडीएफ ग्रुपवर टाकू नका. एकदा टाकली की ती कुठे कुठे फिरते ते तुमच्या हातात राहत नाही.

आमच्या वाचनालयाची सूचना मी असाच चॅनेल काढून देते. सुरुवातीला आजोबा मंडळी रुसली, "आम्हाला सुप्रभात टाकता येत नाही." त्यांच्यासाठी वेगळा लहान ग्रुप काढला, ज्याला हवं तो आला.

तिसरी पायरी: सिग्नल, जिथे नंबर झाकता येतो

सिग्नलमध्ये नोंदणीला नंबर लागतो, पण फेब्रुवारी २०२४ पासून तो समोरच्यापासून लपवता येतो. समोरच्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नसेल तर त्याला तो आपोआपच दिसत नाही. तरीही दोन गोष्टी स्वतः करा.

सेटिंग्ज, प्रायव्हसी, फोन नंबर इथे जा. 'हू कॅन सी माय नंबर' नोबडीवर ठेवा. मग खाली 'हू कॅन फाइंड मी बाय नंबर' हेही नोबडीवर करता येतं. दुसरं केलं नाही तर तुमचा नंबर असलेला माणूस तुम्ही सिग्नलवर आहात हे शोधू शकतो, आणि कुणाच्या बाबतीत तेवढंही फार असतं.

मग प्रोफाइलमध्ये युजरनेम तयार करा. नावापुढे टिंब आणि निदान दोन अंक असतात. हे युजरनेम म्हणजे तुमचं ॲपवरचं नाव नव्हे, ते फक्त तुमच्यापर्यंत पोचण्याची वाट आहे. चॅटमध्ये ते दिसत नाही आणि केव्हाही बदलता येतं. नवीन ओळखीच्या माणसाला नंबराऐवजी हे द्या, किंवा क्यूआर कोड दाखवा. नकोसं झालं की बदला, जुन्या युजरनेमवरून कुणी तुम्हाला शोधू शकत नाही. लग्नाची बोलणी चालू असलेल्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते: स्थळ पक्कं होईपर्यंत नंबर द्यायची गरज नाही.

कंपनीपासून काय लपून राहतं, याचं उत्तरही सिग्नलच्या बाबतीत बरंच स्पष्ट आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत एका ग्रँड ज्युरीने (गुन्ह्याची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) माहिती मागितली तेव्हा देण्यासारख्या त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. कुणाशी बोलता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, हे त्यांच्याकडे साठतच नाही.

टेलिग्राम: सेटिंग बदलली नाही तर उघडं

टेलिग्रामवर युजरनेम असतं म्हणून लोकांना वाटतं नंबर सुरक्षित आहे. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात हा समज महागात पडेल अशी भीती उभी राहिली. आंदोलक मोठमोठ्या ग्रुपमध्ये होते. कुणी ओळीने हजारो नंबर स्वतःच्या यादीत भरले असते तर ग्रुपमधली खाती कोणत्या नंबराची ते जुळलं असतं. त्यानंतर टेलिग्रामने ते रोखणारी सेटिंग दिली, पण ती तुम्हालाच लावावी लागते.

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फोन नंबर इथे 'नोबडी' निवडा. ते निवडलं की खाली दुसरा प्रश्न उघडतो: नंबरावरून मला कोण शोधू शकेल? तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. हा दुसरा प्रश्न तसाच राहून गेला तर पहिलं करून फारसं काही मिळत नाही. मग कॉन्टॅक्ट सिंक बंद करा आणि आधी चढलेली यादी 'डिलीट सिंक्ड कॉन्टॅक्ट्स'ने पुसा. नवीन माणूस यादीत घालताना 'शेअर माय फोन नंबर' अशी खूण येते, ती काढा.

दोन गोष्टी आणखी. टेलिग्रामचे साधे चॅट दोन टोकांमध्ये कुलूपबंद, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे, नसतात; फक्त 'सीक्रेट चॅट' तसे असतात. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की नियम मोडणाऱ्यांचे नंबर आणि आयपी पत्ते वैध कायदेशीर मागणी आल्यास सरकारी यंत्रणांना दिले जातील. खासगी बोलण्यासाठी मी स्वतः टेलिग्राम वापरत नाही.

नंबर अजिबात द्यायचा नसेल तर स्वित्झर्लंडचं थ्रीमा आहे, त्यात आठ अक्षरांचा आयडी मिळतो, पण ॲप विकत घ्यावं लागतं. सेशन, सिम्पलएक्स आणि ब्रायर यांनाही नंबर लागत नाही. अडचण एकच, तुमची माणसं तिथे नसतात. दोन बहिणींनी किंवा एका छोट्या कार्यकर्त्यांच्या गटाने ठरवून घ्यायला ही ॲप्स चांगली आहेत. अख्ख्या खानदानाला तिकडे नेण्याच्या खटाटोपात पडू नका.

चौथी पायरी: नंबर चोरीला जाऊ नये म्हणून

ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नलचे ओटीपी पाठवणाऱ्या ट्विलिओ या कंपनीत घुसखोरी झाली. सुमारे १,९०० सिग्नल वापरकर्त्यांचे नंबर उघडे पडले, आणि हल्लेखोरांनी त्यांपैकी निदान एक खातं दुसऱ्या फोनवर नोंदवलंही. ज्यांनी रजिस्ट्रेशन लॉक (नव्या फोनवर नोंदणी करताना पिन मागणारं कुलूप) लावलं होतं त्यांचं खातं असं नेता आलं नसतं. ओटीपी तुमच्यापर्यंत येताना किती हातांतून जातो हे त्यातून कळतं. म्हणून ओटीपीच्या जोडीला दुसरं कुलूप हवंच:

- व्हॉट्सॲप: सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा अंकी पिन ठेवा, जन्मसाल नको. ईमेलही जोडा, नाहीतर पिन विसरल्यावर अडकाल.
- सिग्नल: सेटिंग्ज, अकाउंट, रजिस्ट्रेशन लॉक.
- टेलिग्राम: प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन, इथे पिन नसून पासवर्ड असतो.

महिन्यातून एकदा 'लिंक्ड डिव्हायसेस' पाहा. ओळखीचा नसलेला संगणक किंवा ब्राउझर दिसला तर लॉगआउट करा. "हा कोड टाका म्हणजे फोटो दिसेल" असं सांगून चोर त्याचं यंत्र तुमच्या खात्याला जोडून घेतात. तुमचा फोन चालूच राहतो, त्यामुळे कळतही नाही.

"ताई, माझा कोड चुकून तुमच्याकडे आला, जरा सांगता का?" हा मेसेज ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून येतो, कारण त्याचं खातं आधीच गेलेलं असतं. कोड सांगू नका, त्याला साधा फोन लावा.

कुणाच्या सांगण्यावरून चांदणी आणि हॅशचे आकडे डायल करू नका. त्यातून तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि आवाजी ओटीपीही तिकडे जातो. शंका असेल तर *#२१# डायल करून कॉल वळवलेले आहेत का पाहा, आणि ##००२# ने सगळं वळवणं रद्द करा.

फोनची रेंज विनाकारण गेली आणि तासाभरात आली नाही, तर दुसऱ्या फोनवरून मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा. तुमच्या नावाने कुणी सिम बदलून घेतलेलं असू शकतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' अशी नोंद करा. वाचनालयात मी प्रत्येकाला आधी हेच उघडायला लावते.

व्हॉट्सॲप गेलंच, तर घाबरून ॲप काढून टाकू नका. त्याच नंबराने पुन्हा नोंदणी करा, ओटीपी टाकला की चोर बाहेर फेकला जातो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागतं, पण तोवर खातं त्याच्याकडेही नसतं.

नंबर सोडताना, विशेषतः परदेशी जाताना

पुण्या-मुंबईतून जर्मनीला किंवा अमेरिकेला शिकायला गेलेली मुलं भारतातला नंबर रिचार्जविना सोडून देतात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने म्हटलं की आधीच्या ग्राहकानेच आपली माहिती काढून टाकण्याची काळजी घ्यावी. म्हणजे जबाबदारी आपल्यावर.

निघण्याआधी ठरवा: नंबर ठेवायचा की सोडायचा. बँकेसाठी ठेवायचा असेल तर तो वापरात आणि रिचार्जमध्ये राहील अशी सोय करा. सोडायचा असेल तर सिम हातात असतानाच बँक, आधार, ईमेल बदला. मग व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' वापरा, सिग्नल आणि टेलिग्रामलाही तशी सोय आहे. ॲप नुसतं काढून टाकल्याने खातं मिटत नाही.

'चेंज नंबर'मध्ये एक खाच आहे. तुम्ही ज्या ग्रुपमध्ये असाल त्या सगळ्यांना नंबर बदलल्याचं कळतं. कुणापासून सुटायला नंबर बदलत असाल, तर आधी त्या ग्रुपमधून बाहेर पडा. त्याहून बरं, 'चेंज नंबर' वापरूच नका: जुनं खातं 'डिलीट अकाउंट'ने मिटवा, आणि नव्या नंबरावर कोरं खातं काढा.

त्रास सुरू झाला असेल तर

ब्लॉक करण्याआधी पुरावा घ्या. चॅटचा स्क्रीनशॉट, आणि त्या माणसाच्या प्रोफाइलचा, ज्यात पूर्ण नंबर दिसतो. एकदाच, स्पष्ट लिहा: "मला तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. पुन्हा मेसेज करू नका." त्याचाही स्क्रीनशॉट. याचं कारण कायद्यात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधणं हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. तो नकार लेखी असला की पोलीस ठाण्यात बोलणं सोपं जातं. मग 'रिपोर्ट' आणि 'ब्लॉक' करा. रिपोर्ट केल्यावर त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सॲपकडे जातात.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, बँकेच्या रांगेत उभं राहण्याआधी. इतर तक्रारी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं, तर शून्य क्रमांकाने गुन्हा (झीरो एफआयआर, जो कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो) नोंदवायला सांगा.

त्या मुलीने हे सगळं केलं. पोलीस ठाण्यात तिची आई सोबत गेली, नकाराचा स्क्रीनशॉट छापून. त्या माणसाला बोलावून घेतलं आणि मेसेज थांबले. शिबिराच्या ग्रुपच्या ॲडमिन काकूंकडे आम्ही दोघी गेलो. त्या कळवळल्या, त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुप बंद करून चॅनेल काढला, आणि मला विचारलं, बचत गटाच्या ग्रुपचंही असंच करता येईल का. तिथे हिशोबावर चर्चा होते, म्हणून त्याचा ग्रुपच ठेवला, आणि सतरा बायकांच्या फोनवर 'ग्रुप्स'ची सेटिंग एकेक करून बदलत आम्ही त्यांच्या ओट्यावर दिवे लागेपर्यंत बसलो होतो.